मुलं (आणि वासरं) खेळतात कशाला? वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोलापूरच्या पूर्व भागात, यंत्रमागांच्या खटखटीत, आम्ही शनिवार-रविवारी संध्याकाळी एक खेळघर चालवतो. नाव मोठं आहे. प्रत्यक्षात एक पत्र्याची खोली आणि समोरचं पटांगण. मी पूर्वी प्राथमिक शिक्षिका होते. माझा धाकटा भाऊ जनावरांचा डॉक्टर आहे, त्यामुळे इथे मुलांबरोबर वासरं आणि कुत्रीही बोलण्यात येतात. पालक जे प्रश्न दारात उभं राहून विचारतात, तेच खाली घेतले आहेत.

तुम्ही इथे शिकवता काय?

काही नाही. हे उत्तर ऐकून पहिल्याच दिवशी काही पालक उठून जातात, आणि मला त्यांचा राग येत नाही. आपल्या भागात विडीचा हिशेब हजारावर आणि चादरीचा नगावर होतो. दिवस मोजूनच पोट भरतं. अशा घरातली आई “दोन तास खेळून पोराला मिळतं काय?” असं विचारते तेव्हा ती अडाणीपणाने विचारत नसते. शास्त्रज्ञही शंभराहून जास्त वर्षं हेच विचारत आहेत, आणि त्यांचाही हिशेब अजून पूर्ण जुळलेला नाही.

खेळ म्हणजे नेमकं काय? मस्ती, व्यायाम, स्पर्धा, सगळं एकच का?

नाही. अमेरिकेतल्या टेनेसी विद्यापीठातले प्राणिवर्तनाचे अभ्यासक गॉर्डन बर्गहार्ट यांनी खेळ ओळखायच्या पाच खुणा सांगितल्या आहेत. मला त्या सांगोल्याकडच्या एका खिलार वासरावरून पटल्या.

धार काढून झाली, वासराला दावणीतून सोडलं. शेपटी वर करून ते गोठ्याभोवती उधळलं, हवेत लाथ झाडली, शेणाच्या पाटीला ढुशी दिली, पुन्हा उधळलं. मागे कुणी लागलेलं नव्हतं, म्हणजे त्या पळण्याचं त्या घडीला काही काम नव्हतं. कुणी पळवलंही नव्हतं, ते आपखुशीने पळत होतं. लाथ होती, पण खऱ्या लाथेसारखी नेम धरून मारलेली नव्हती, अर्धवट आणि अघळपघळ होती. तेच ते पुन्हा करत होतं, पण दर वेळी थोडं वेगळं. पिंजऱ्यातलं जनावर येरझाऱ्या घालतं तसं एकसुरी नाही. आणि पाचवी खूण मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते: ते वासरू पोटभर प्यालेलं होतं, धडधाकट होतं, भ्यालेलं नव्हतं.

भाऊ म्हणतो, वासराची तब्येत बघायची तर थर्मामीटर लावण्याआधी ते हुंदडतंय का ते बघ. परदेशातल्या दुग्धशाळांमध्येही हे मोजून पाहिलं आहे. शिंगांचे कोंब डागल्यावर वेदनेत असलेली वासरं कमी खेळतात, आणि दूध जास्त मिळालं की जास्त खेळतात.

जनावरं खरंच खेळतात, की आपल्यालाच तसं वाटतं?

खरंच खेळतात. कुत्री, मांजरं, माकडं यांच्याबद्दल तर वादच नाही. आपल्या गल्लीतला कावळासुद्धा काडी उंचावरून सोडून पुन्हा चोचीत झेलतो. गंमत त्यापुढे आहे.

अमेरिकेतल्या सिअ‍ॅटलच्या मत्स्यालयात जेनिफर मॅथर आणि रोलंड अँडरसन यांनी ऑक्टोपसांच्या टाकीत औषधाची रिकामी बाटली तरंगत सोडली. काही ऑक्टोपस पाण्याचा फवारा मारून बाटली दूर ढकलत, ती प्रवाहाबरोबर परत आली की पुन्हा ढकलत. आपली पोरं भिंतीवर चेंडू मारतात तसंच. हे १९९९ साली प्रसिद्ध झालं.

२०२२ मध्ये लंडनच्या क्वीन मेरी विद्यापीठातल्या लार्स चिट्का यांच्या प्रयोगशाळेने भुंग्यासारख्या केसाळ मधमाश्यांना (बंबलबी) लाकडाच्या छोट्या गोळ्या दिल्या. खाण्याकडे जायची वाट सरळ मोकळी होती. तरी माश्या वाट सोडून गोळ्यांकडे वळायच्या आणि त्या लोळवत बसायच्या. बक्षीस काही नव्हतं. ४५ माश्यांपैकी एकीने तर ११७ वेळा गोळी लोळवली. आणि तरुण माश्या म्हाताऱ्या माश्यांपेक्षा जास्त खेळल्या.

हे सांगितलं की मुलं हटकून विचारतात, “टीचर, त्यांना शाळेत घालतात का?”

जनावरं हसतातही का?

चिंपांझीच्या पिल्लाला गुदगुल्या केल्या की ते धापा टाकल्यासारखा आवाज काढतं आणि तोंड सैल उघडं ठेवतं. उंदरांचं वेगळं आहे. याक पँकसेप यांनी १९९०च्या दशकाच्या शेवटी प्रयोगशाळेतल्या उंदरांना गुदगुल्या केल्या, तेव्हा ते सुमारे ५० हजार हर्ट्झचा चिवचिवाट करताना आढळले. माणसाचा कान २० हजारांच्या पुढचं ऐकत नाही, म्हणून यंत्र लागलं. गुदगुल्या करणाऱ्या हाताच्या मागे ते उंदीर आपणहून पळायचे. याला हसणं म्हणायचं की नाही यावर वाद घालता येईल. मी म्हणते.

खेळ चाललाय की भांडण, हे कसं ओळखायचं?

कुत्र्यांकडून शिका. दोन कुत्री एकमेकांच्या नरड्याला धरतात, आणि तरी रक्त येत नाही. का? आधी एकजण पुढचे पाय जमिनीला टेकवतो, ढुंगण वर करतो, शेपूट हलवतो. मार्क बेकॉफ यांनी या वाकण्याचा वर्षानुवर्षं अभ्यास केला. खेळताना जोरात चावा घेण्याच्या आधी किंवा नंतर हे वाकणं जास्त दिसतं. म्हणजे, “आता जे करतोय ते खोटं खोटं आहे रे बाबा.” मोठं कुत्रं लहानाबरोबर खेळताना मुद्दाम उताणं पडतं, जोर कमी लावतं.

आपल्या मराठीत याला शब्द आहे: लिंबूटिंबू. लगोरीत चार वर्षांचं पोर शिरलं की त्याला घेतात, पण त्याच्यावर राज्य येत नाही. हा नियम कुणा मोठ्या माणसाने बसवलेला नाही. इंग्रजी पुस्तकांत यासाठी दोन-दोन ओळींची व्याख्या वाचली तेव्हा मला आपल्या भाषेचा जरा गर्वच वाटला.

उंदरांत तर लक्ष्यच वेगळं असतं. कॅनडातले सर्जिओ पेलिस सांगतात, खेळताना उंदराचं पिल्लू दुसऱ्याच्या मानेला नाक लावायला बघतं. खऱ्या भांडणात चावा घेतला जातो तो पाठीच्या मागच्या बाजूला.

पोरांचं बघायचं तर तीन गोष्टी बघा. चेहरा हसरा आहे का? पाळीपाळीने कधी हा वर, कधी तो वर असं होतंय का? आणि संपल्यावर दोघं एकत्रच राहतात की वेगळ्या दिशेला जातात? हे सगळं ठीक असेल तर “ए बे, सोड बे” असा आरडाओरडा कितीही होवो, चहा संपवा. मात्र एकाने “टाइम प्लीज” म्हटल्यावरही दुसरा थांबत नसेल तर उठा. तिथे खेळ संपलेला असतो.

ते सगळं खरं, पण खेळाचा उपयोग काय? एका वाक्यात सांगा.

एका वाक्यात येत नाही. थोडं बसा.

पहिलं उत्तर इंग्लंडच्या हर्बर्ट स्पेन्सर यांचं, एकोणिसाव्या शतकातलं. अंगात उरलेली शक्ती बाहेर पडते ती खेळातून. आपली आजी “रग जिरवतोय” म्हणते तेच. दुसरं जर्मन विचारवंत कार्ल ग्रोस यांचं, १८९६ सालचं: खेळ म्हणजे पुढच्या आयुष्याची तालीम. मांजराचं पिल्लू दोऱ्याच्या गुंडीवर झडप घालतं, उद्या उंदरावर घालेल.

तालमीची कल्पना सगळ्यांना पटते, कारण ती दिसायला सरळ आहे. पण तपासल्यावर ती पुरती उभी राहत नाही. टिम कॅरो यांनी मांजराच्या पिल्लांवर प्रयोग केले. वस्तूंशी खेळायला मिळालेली पिल्लं मोठेपणी शिकारीत सरस ठरली नाहीत. आफ्रिकेच्या कालाहारी वाळवंटातल्या मीरकॅट नावाच्या मुंगसाच्या भाऊबंदांवर लिंडा शार्प यांनी नजर ठेवली. लहानपणी जास्त कुस्ती खेळलेले पुढच्या खऱ्या लढाया जास्त जिंकले, असं काही निघालं नाही. म्हणून “खेळ = सराव” असं छापलेलं पत्रक कुणी दिलं तर मी ते घडी करून टेबलाच्या पायाखाली ठेवते.

मग काहीच उपयोग नाही? तसंही नाही. थायलंडच्या जंगलातल्या आसामी मकाक जातीच्या माकडांची जी पिल्लं जास्त धावाधाव खेळली, त्यांची वाढ जरा मंदावली, पण उड्या-चढण्याचं कसब त्यांना लवकर आलं. म्हणजे किंमतही दिसली आणि मोबदलाही. अलास्कातल्या तपकिरी अस्वलांची पिल्लं फेगन दांपत्याने वर्षानुवर्षं पाहिली. जास्त खेळणारी पिल्लं जास्त प्रमाणात तगली.

मला स्वतःला पटलेलं उत्तर २००१ सालचं आहे. मारेक श्पिंका, रूथ न्यूबेरी आणि मार्क बेकॉफ यांनी मांडलं की खेळ ही ठरलेल्या कामाची तालीम नसून अनपेक्षित गोष्टींची तयारी असते. खेळताना जनावर स्वतःला मुद्दाम अडचणीत टाकतं. उताणं पडतं, तोल घालवतं, डोळे मिटून गिरकी घेतं. आंधळी कोशिंबीर आठवा. लंगडी आठवा: दोन धड पाय असलेलं पोर एक पाय उचलून धरतं, आणि वर म्हणतं, आता पकडतो तुला! धावण्याची तालीम करायची असती तर दोन्ही पायांनी केली असती.

खेळलंच नाही तर काय होतं?

पेलिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उंदरांत पाहिलं की लहानपणी खेळगडी मिळालेल्या पिल्लांच्या मेंदूत, कपाळामागच्या भागात, पेशींच्या फांद्यांची छाटणी नीट होते. द्राक्षबागेची होते तशीच समजा. खेळगड्यांशिवाय वाढलेले उंदीर मोठेपणी दुसऱ्या उंदराशी वागताना गडबडतात. साध्या धक्क्यालाही जास्त घाबरतात किंवा जास्त चिडतात. पण उंदराचं माणसाला जसंच्या तसं लावू नये. एखादं मूल एक वर्ष अंथरुणाला खिळलं म्हणून त्याचा मेंदू बिघडला असं कुणी सांगितलं तर विश्वास ठेवू नका.

खेळताना लागलं तर?

लागतं. निसर्गातही लागतं. पेरूच्या किनाऱ्यावर रॉबर्ट हारकोर्ट यांनी सीलची पिल्लं पाहिली. समुद्रसिंहांनी मारलेल्या पिल्लांपैकी बहुतेक त्या वेळी उथळ पाण्यात खेळत होती, बेसावध. इतकी जबर किंमत असूनही खेळ टिकून आहे, यातच काय ते आलं. आमच्याकडे हळद, पट्टी आणि रिक्षावाल्याचा नंबर असतो. मागाच्या खोलीत मात्र खेळू देऊ नका. तिथे पट्टा आणि धोटा खोटं खोटं ओळखत नाहीत.

कोणत्या वयात मूल काय खेळतं?

साधारण आठ-नऊ महिन्यांचं बाळ “बुवा… कुक!” ला खिदळतं, कारण पदराआड गेलेली आई नाहीशी झालेली नाही हे त्याला नुकतंच कळायला लागलेलं असतं. दीड-दोन वर्षांचं झालं की रिकाम्या कपातून चहा पितं. तिसऱ्या वर्षाच्या आसपास दोन मुलं शेजारी बसून आपापलं खेळतात. एकमेकांशी बोलत नाहीत, पण एक उठलं की दुसरंही उठतं. मिल्ड्रेड पार्टन यांनी १९३२ साली याचं वर्णन केलं. त्याला “माझं मूल कुणात मिसळत नाही” असं समजून पुष्कळ आया काळजीत पडतात. पडू नका.

आमची मुलगी विडी वळायचं खेळते. चांगलं का हे?

हा प्रश्न एका आईने डोळ्यांत पाणी आणून विचारला होता. लेकीने हे काम करू नये म्हणून ती राबत होती, आणि लेक कडुनिंबाची पानं मांडीवरच्या थाळीत घेऊन विड्या वळत होती.

मी तिला शेजारी बसवलं आणि दोघी बघत राहिलो. मुलगी विड्या वळत होती ते फक्त सुरुवातीला. नंतर ती कारखान्यातली तपासनीस झाली. मैत्रिणींच्या जुड्या हातात घेऊन “ही खराब, ही खराब” म्हणत अर्ध्या फेकून देऊ लागली. मग मैत्रिणी भांडल्या. मग तिने सगळ्यांना दुप्पट मजुरी दिली, चिंचोक्यांत.

रशियन मानसशास्त्रज्ञ लेव्ह व्हायगॉट्स्की यांनी १९३३च्या एका व्याख्यानात दोन सख्ख्या बहिणींचा दाखला दिला होता. त्या दोघी “आपण बहिणी-बहिणी खेळू” म्हणून खेळतात. रोज त्या बहिणीच असतात, पण खेळताना “बहीण कशी वागते” याचे नियम कसोशीने पाळतात. खोट्यातच मूल नियम पाहायला शिकतं, असं त्यांचं म्हणणं. त्या पोरीने आईचा सगळा कारखाना उलटा करून पाहिला होता. आई हसली, आणि मजुरीचा आकडा ऐकून जास्तच हसली.

मुलं खेळण्यापेक्षा भांडतातच जास्त. मध्ये पडावं का?

शक्यतो नको. लगोरी अर्धा तास चालली तर त्यातली दहा मिनिटं “बाद होतो की नव्हतो” यात जातात, आणि माझ्या मते तीच दहा मिनिटं मोलाची. स्वित्झर्लंडचे जाँ पियाजे गोट्या खेळणाऱ्या मुलांजवळ बसून नियमांबद्दल विचारत असत. लहानांना नियम देवाने दिल्यासारखे वाटतात. दहा-अकराच्या आसपास कळतं की आपण सगळ्यांनी मिळून ठरवलं तर ते बदलता येतात. हे कळायला भांडावं लागतं.

सोलापुरात भांडायला जास्तीचं कारणही असतं. पाच बाय पाच घरांचा एकच पट खडूने ओट्यावर काढला, तर मराठी घरातली मुलगी त्याला चल्लस म्हणते, तेलुगू घरातली अष्टाचम्मा आणि कन्नड घरातली चौकाबारा. तिघींच्या आज्यांचे नियम वेगळे. कवड्या कुणाच्या, त्यावर त्या दिवशीचे नियम ठरतात. चिडकी पोरं असतातच, “रडीचा डाव” म्हणून ओरडा होतो, गट्टी फू होते. उद्यापर्यंत थांबा.

बक्षीस ठेवलं तर मुलं जास्त येतील ना?

मीही हेच केलं होतं. पहिल्याच वर्षी शिट्टी आणली, गट पाडले, जिंकणाऱ्याला पेन्सिल. तीन आठवडे गर्दी झाली. चौथ्या आठवड्यात पेन्सिली संपल्या आणि निम्मी पोरं आलीच नाहीत. जी आली त्यांतला एक म्हणाला, “आज फुकटच खेळायचं का?” शिक्षिकेची खोड, दुसरं काय.

पुढे वाचनात आलं की हे मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ सालीच दाखवलं होतं. चित्र काढायची आवड असलेल्या मुलांना आधीच बक्षीस कबूल केलं आणि दिलं, तर नंतर मोकळ्या वेळेत ती आधीपेक्षा कमी चित्रं काढू लागली. अचानक बक्षीस मिळालेल्यांचं तसं झालं नाही. शिट्टी अजून खिळ्याला टांगलेली आहे. पाऊस आला की वाजवतो.

मोबाइलवरचा गेम हा खेळ नाही का?

खेळच आहे. आपखुशीचा आहे, मजेचा आहे, नाकारून चालणार नाही. माझी तक्रार वेगळी आहे. त्याचे नियम कंपनी ठरवते. तिथे थुप्पी नाही, लिंबूटिंबू नाही, आणि मशीनशी हुज्जत घालता येत नाही. शिवाय थांबवू नये असाच तो पुष्कळदा बनवलेला असतो. दोघं-तिघं एका मोबाइलवर आळीपाळीने, वाद घालत खेळत असतील तर मी काही म्हणत नाही.

मुलींनी इतकं हुंदडायचं का?

हो.

सोलापूरच्या उन्हात खेळायचं कधी?

एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशी ओलांडतो, तेव्हा सकाळी नऊच्या आत आणि संध्याकाळी साडेपाचनंतर. मधल्या वेळेत सागरगोटे, चल्लस, काचापाणी, पत्ते. आपले बसून खेळायचे खेळ इतके का आहेत, हे आपल्या दुपारींनीच ठरवलं असावं, असा माझा अंदाज आहे. पाण्याचा माठ बाहेर असतो.

मोठी माणसं का खेळत नाहीत?

खेळतात की. बहुतेक प्राण्यांत वय वाढलं की खेळ कमी होतो. माणूस आणि पाळीव कुत्रा ही त्यातली दोन ठळक अपवादांची घरं. आषाढीच्या आधी वाखरीजवळ बाजीरावाच्या विहिरीपाशी रिंगण बघायला जा. अश्व धावून गेले की पायांना फोड आलेली साठीची माणसं फुगड्या घालतात, हुतूतू खेळतात, उडीच्या खेळात टाळ-मृदंगाबरोबर नाचतात. तीच माणसं घरी नातवाला म्हणतात, “बस कर आता, किती खेळशील!”

जंगली प्राणी खेळताना कुठे बघायला मिळतील?

नान्नजच्या माळावर. माळढोकासाठी १९७९ साली अभयारण्य झालं. तो पक्षी दिसणं आता फार दुर्मीळ, पण काळविटांचे कळप आहेत, खोकड आहे, लांडगा आहे. काळविटाची पाडसं सकाळच्या गारव्यात उगाचच चारी पायांवर उंच उड्या मारत पळतात. वनखात्याच्या नियमांनी जा, गाडीतून उतरू नका, बिळाजवळ तर अजिबात नको. आणि इतक्या लांब जायचं नसेल तर कुठल्याही शेळीपालकाकडे महिन्याभराची करडं बघा. पेंडीच्या पोत्यावर चढायचं, उडी मारायची, पुन्हा चढायचं. तिकीट नाही.

खेळणं हा मुलांचा हक्क आहे म्हणतात, ते खरं का?

खरं. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९च्या बालहक्क करारातलं कलम ३१ खेळ आणि विश्रांतीबद्दल आहे. भारताने तो १९९२ मध्ये स्वीकारला. शिक्षण हक्क कायदा, २००९च्या परिशिष्टात शाळेला मैदान हवं असं लिहिलं आहे. ११ जून हा २०२४ पासून आंतरराष्ट्रीय खेळ दिन आहे. त्या दिवशी आपल्याकडे नेमका पाऊस येतो की येत नाही, यावरच सगळं ठरतं.

“शेवटचा डाव” किती वेळ चालतो?

पहिल्या हाकेला “आलो!” येतं. दुसऱ्या हाकेला “शेवटचा डाव!” तिसऱ्या हाकेनंतर तुम्हाला स्वतः यावं लागतं. येताना पायात बरी चप्पल घालून या. त्या सुमारास काही पोरं घरी गेलेली असतात आणि लगोरीला एक गडी हमखास कमी पडतो.